वेशीच्या गल्लीतला सांधा

चाचांच्या घड्याळात सहा वाजले की आमच्या गल्लीत सहा वाजायचे. ते घड्याळ दहा-बारा मिनिटं पुढे असतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण 'जरा मागे करा' असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. इंदापुरात पाणी सोडायचं काम त्यांनी जन्मभर केलं. लोकांनी नळ यायच्या आधीच बादल्या लावून तयार राहावं म्हणून घड्याळ पुढे ठेवायची सवय लागली, ती निवृत्त झाले तरी गेली नाही. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला गेले, तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या मोबाईलकडे बोट दाखवून विचारलं, "ह्ये कुणाच्या टायमावर चालतं?"

मी म्हटलं, "सरकारच्या."

"मग तू रोज लेट होणार," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मी मूळची कऱ्हाटीची. सिव्हिलची डिग्री घेतली आणि पहिली नोकरी लागली ती भुयारी गटाराच्या ठेकेदाराकडे, साइट इंजिनिअर म्हणून. "पोरगी इंजिनिअर झाली एवढंच सांगत जा, कशाची ते सांगू नकोस," असं आईनं वडिलांना बजावलं होतं. चाचांना मात्र माझ्या नोकरीचं भारी कौतुक. आयुष्यभर जमिनीखालच्या पाइपांशी संसार केलेल्या माणसाच्या घरात जमिनीखाली पाइप टाकणारी भाडेकरू आली, म्हणजे त्यांना सोयरीक जमल्यासारखं वाटलं असावं. साइटवर ते मला 'म्याडम' म्हणायचे आणि घरी 'बाळ'. दोन्ही हाका एकाच सुरात मारायचे.

व्हॉल्व्ह उघडायची लांबलचक लोखंडी चावी त्यांनी निवृत्तीनंतरही परत केली नव्हती. ती घेऊनच ते फिरायला निघत. कुणी 'कसं काय चाचा' म्हटलं, की उत्तर यायचं, "पाणी आलं का?" भेटल्यावर विचारायची त्यांच्या मते तेवढीच एक गोष्ट होती. कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी नळाचं पाणी मागायचे. एक घोट तोंडात घोळवायचे आणि सांगायचे, "लोखंडी पाइप हाय, आतनं गंजलाय," किंवा "टाकी धुतली न्हाई पाडव्यापास्नं." यजमानीण लाजेनं अर्धी व्हायची. चाची त्यांना घेऊन कुठंही जायला नको म्हणायच्या त्या यासाठीच.

त्यांच्या पलंगाखाली बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते. रस्ता खणताना वर आलेली एकेक वस्तू त्यांत चिंधीत बांधून ठेवलेली. काचेच्या बांगड्यांचे तुकडे, चिलमीची बोंडं, बैलाच्या गळ्यातली घंटा, खापराच्या चकत्या, घासून गुळगुळीत झालेलं एक तांब्याचं नाणं. चिंधीवर बॉलपेननं लिहिलेलं असायचं. वस्तू किती जुनी, कुठल्या राजवटीतली, असलं काही नाही. फक्त पत्ता. 'शिंप्याच्या दारात'. 'पोस्टाच्या पायरीखाली'. 'दवाखान्यासमोर, लिंबाकडनं दोन हात'. चाचांचा कायदा साधा होता. वस्तू ज्याच्या दारात सापडली, त्याची. आणि तो कायदा ते नुसता मानत नसत, बजावत असत.

मी असतानाच त्यांनी एका वकिलांच्या घरी जाऊन मातीचा एक बिनशिंगाचा बैल दिला. म्हणाले, "वकीलसायेब, तुमच्या उंबऱ्यापास्नं दोन हातांवर हुता. तुमच्याच घरातल्या पोरांचा हाय. संबाळून ठिवा."

वकील दोन वर्षांपूर्वी सोलापूरहून येऊन तिथं राहिले होते. ते गडबडले, पण चाचांच्या हातातली चावी बघून त्यांनी बैल घेतला. पुढं मी एकदा कागदावर सही घ्यायला गेले, तेव्हा तो बैल काचेच्या कपाटात होता आणि वकील एका अशिलाला सांगत होते, "आमच्या पणजोबांच्या लहानपणचा आहे."

मी चाचांना नियम सांगून पाहिला. असं काही सापडलं तर तहसीलला कळवायचं असतं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तहसीलदाराच्या दारात सापडलं की कळवू."

आता त्यांच्या कानाबद्दल सांगायला हवं, कारण त्यांचं नाव होतं ते कानामुळे. गळती कुठं आहे ते शोधायला चाचा चावीचं टोक रस्त्यावर टेकवायचे, दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "गप ऱ्हावा. रस्ता बोलतोय." रिक्षावालाही इंजिन बंद करायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. पण दवाखान्यासमोर रोज सकाळी ओल दिसायची आणि आमची माणसं तीन ठिकाणी खड्डे घेऊन दमली होती. चाचा आले, दहा पावलं इकडं-तिकडं फिरले, एका जागी चपलेनं रेघ ओढली आणि म्हणाले, "हितं. गुडघाभर." तिथंच, गुडघाभर खोल, पाइपला बोटभर चीर निघाली. त्या दिवसापासून मी हसायचं सोडलं. मग चावी माझ्याही कानाला लावून झाली. मला फक्त माझ्याच डोक्यातला घूं आवाज ऐकू आला.

एकच जागा अशी होती, की तिथं चाचांच्या कानावरही लोक हसायचे. वेशीची गल्ली. वेस कधीच पडली, नाव राहिलं. तिथल्या शेवटच्या आठ घरांसमोर चाचा चावी टेकवून सांगायचे, "ह्येच्या खाली जुनी लाईन हाय. राजाच्या टायमाची. मला ऐकू येतीय. हितं कुदळ जपून मारा." वर्षानुवर्षं सांगत होते. नगरपरिषदेच्या नकाशात तिथं काही नव्हतं. कोपऱ्यावरचा किराणावाला माझ्यासमोर म्हणाला होता, "चाचा, तिथनं टांग्याचा आवाज येतोय का बघा की!"

या गल्लीवर चाचांचा जीव होता, एवढं चाचींकडून मला कळलं होतं. नोकरीत असताना गावातल्या इतर व्हॉल्व्हना त्यांचे मदतनीस हात लावत. वेशीच्या गल्लीच्या व्हॉल्व्हला नाही. अंगात ताप असला तरी स्वतः जायचे. ईदच्या सकाळी नवे कपडे घालून आधी तो व्हॉल्व्ह उघडायचे आणि मग नमाजाला. "माझ्यापेक्षा त्या व्हॉल्व्हशीच ह्यांचं जास्त जमायचं," चाची भाकरी थापता थापता म्हणाल्या. गल्लीत नवीन प्लॅस्टिकची लाईन पडल्यावर मात्र ते एकदम सैल झाले, मग कुणीही उघडला तरी चालायचं. विक्षिप्त माणसाचा एक नमुना म्हणून मी हेही इतर गोष्टींत जमा केलं आणि विसरले.

त्याच गल्लीच्या टोकाला मावशी राहायच्या. कुणाच्या सख्ख्या मावशी हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सत्तरीच्या पुढच्या, ओट्यावर बसून शेंगा निवडणाऱ्या. मी नकाशा घेऊन गेले की त्या मला थांबवायच्याच.

"म्याडम, आमच्या पाण्याचं बघा की काय तरी. नवी पाइप टाकल्यापास्नं चव गेली बघा. आदी कसं गार पाणी यायचं. मातीचा वास असायचा त्येला."

चाचा बरोबर असले तर तेच उत्तर द्यायचे. "मावशी, पाणी त्येच हाय. धरणाचंच हाय. वय झालं की जिभंची चव जाती माणसाच्या." हे बोलताना ते मावशींकडे न बघता व्हॉल्व्हच्या झाकणाकडे बघायचे. मला वाटायचं, सवयच आहे त्यांची.

एकदा मावशींनी मला जेवायला बसवून घेतलं, तेव्हा मला त्यांची खरी गोष्ट समजली. एके काळी गावात मोठं लग्न असलं की आचारी वाटीभर आमटी मावशींकडे पाठवायचा. मावशी जिभेवर टेकवून सांगायच्या, "मूठभर मीठ, अर्धी मूठ गूळ." तेवढं पडलं की पंगत बिनघोर. पण पाण्याची तक्रार करून करून, आणि प्रत्येक वेळी 'तुमची जीभ गेली' हे ऐकून ऐकून, त्यांना ते पटलं होतं. आता आचारी येत नव्हते. त्या दिवशी पानं वाढायच्या आधी मावशींनी पळीत आमटी घेतली, तोंडापर्यंत नेली आणि सुनेपुढे केली. "तूच बघ गं मीठ. मला कुठं काय कळतंय आता."

सून चांगली होती. तिनं चव घेतली आणि "बरोबर आहे" म्हणाली. आमटी अळणी होती. मी मुकाट्यानं जेवले.

मग आमच्या गटाराची पाळी वेशीच्या गल्लीवर आली. ठेकेदाराला आठवडी बाजाराच्या आत रस्ता बुजवून हवा होता आणि जेसीबी दारात उभा होता. चाचा सकाळी सकाळी चावी घेऊन हजर. आठ घरांसमोर त्यांनी खडूनं दोन रेघा ओढल्या.

"म्याडम, हितनं तिथवर मशीन नको. हातानं."

"चाचा, नकाशात काही नाहीये."

"मला ऐकू येतंय."

किराणावाला हसला, जेसीबीचा ड्रायव्हर हसला, आणि कबूल करते, मीही थोडीशी हसले. पण दवाखान्यासमोरची रेघ आठवली. मी ठेकेदाराला 'खाली विजेची केबल असण्याची शक्यता' असं सांगून एक दिवस मिळवला आणि चार माणसं लावली. खोटं बोलायला मी चाचांच्या घरात शिकले असं नाही, पण सराव तिथल्या पुढे पळणाऱ्या घड्याळाखाली झाला.

दुपारी कुदळीखाली पांढरा चुना निघाला. चुन्याच्या आत तांबूस, भाजलेल्या मातीचे नळ. प्रत्येक हातभर लांबीचा, एकाचं निमुळतं तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवलेलं. असेच नळ एकामागून एक, थेट मावशींच्या ओट्यापर्यंत. जुन्या गावांत विहिरीचं, तळ्याचं पाणी अशा खापरी नळांतून खेळवत, हे मी पुस्तकात वाचलं होतं. माझ्या पायाखाली मी ते पहिल्यांदाच बघत होते. मला इतका आनंद झाला, की मी हेल्मेट काढून चाचांच्याच डोक्यावर ठेवलं.

आणि मग गल्ली उलटली. "चाचा, मानलं! तुमचा कान न्हाय, मशीन हाय!" म्हणत किराणावाल्यानंच त्यांना हार घातला. फोटो निघाले. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाईलवर चाचांचा फोटो होता, खाली लिहिलेलं, 'रस्त्याशी बोलणारा माणूस'. चाचांनी हार काढून हातात धरला होता आणि ते खड्ड्यात एकाच जागी बघत होते. मला वाटलं, आनंदानं बोलणं सुचत नसेल.

तहसीलला कळवल्यावर दोन दिवसांत पुण्याहून पुरातत्त्वाचे एक सर आले, बरोबर दोन विद्यार्थिनी. त्यांनी दोऱ्या बांधल्या, कुंचल्यांनी माती झटकली, मापं घेतली. आणि त्या दिवशी चाचा बघत होते, नेमके त्याच जागी थांबले. तिथं दोन नळांमधला सांधा इतका नीट होता, की सरांनी चष्मा वर करून बघितलं.

"हे बघा. चुना, आत तेलात भिजवलेला कापूस ठासून भरलाय. बाकी सगळ्या सांध्यांचा चुना झिजलाय आणि हा शाबूत. काय हात असेल त्या कारागिराचा! दोनतीनशे वर्षं थेंब गळला नसेल." विद्यार्थिनीनं लिहून घेतलं. "हा तुकडा आपण उद्या सोबत नेऊ."

चाचा त्या दुपारी जेवले नाहीत. चाचींनी मला डोळ्यांनीच जिन्याकडे खुणावलं. ते तिसऱ्या पायरीवर बसले होते, चावी गुडघ्यांवर आडवी.

"बाळ, तो सांधा माझा हाय."

मला आधी कळलंच नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. पूर्वी एका कोरड्या वर्षी त्या गल्लीतली लोखंडी लाईन पार गंजून बसली. नवीन पाइप मिळेना, शेवटच्या आठ घरांना पाणी जाईना. गळती शोधायला खणताना चाचांना हे मातीचे नळ दिसले. मधला एक फुटलेला, बाकी सलग. त्यांनी कुंभाराकडून तसाच एक नळ भाजून घेतला, चुना मळायचं एका म्हाताऱ्या गवंड्याला विचारलं, कापूस ठासायचं भिगवणला होड्यांच्या फटी भरणाऱ्या एकाकडून शिकून आले आणि वरची लाईन त्या नळाला जोडून दिली. कुणाला सांगितलं नाही. नवीन प्लॅस्टिकची लाईन येईपर्यंत आठ घरं राजाच्या काळातल्या नळाचं पाणी प्यायली.

"प्रेशर वाढलं की माती फुटंल, म्हणून व्हॉल्व्ह अर्धाच आटा फिरवून उगडायचो. दुसऱ्याच्या हातात कसा द्यायचा?" ते म्हणाले. "कळलं आसतं तर साहेबानं नोकरी घेतली आसती आन नळ उकडून टाकला आसता. ऐकू बिकू काय येत न्हाय तितं. मी बघितलं हुतं. कोन फोडू नये म्हणून म्हणायचो ऐकू येतंय."

मी पक्की साइटवरची बाई. म्हटलं, "चाचा, परवा सगळं पुन्हा मातीखाली जाणार. आता कशाला सांगताय? लोकांनी एवढा मान दिलाय, तो घालवायचा?"

"त्येच तर. आयुष्यभर लोक हसले, तवा कुठं ह्यो हार मिळाला." त्यांनी हाराची पाकळी खुडली. "सर शिकलेला हाय, त्येला आज न्हाय उद्या कळंल. पण मावशीनं आमटीत मीठ बघायचं सोडलंय. त्येला कोन जबाबदार? पाणी बदललंच हुतं की. म्हातारीला बराबर कळलं, आन मी नऊ वर्सं तिला खोटं पाडलं. माझा कान खरा ठिवायला तिची जीभ खोटी केली मी."

त्या क्षणी मला चाचांबद्दल जे वाटलं, तेवढं मला माझ्या कुठल्याही शिक्षकाबद्दल वाटलेलं नाही.

आता मी बारामतीत असते. अजूनही गटारंच बांधते आणि आई अजूनही लोकांना सांगत नाही. चाचांचा फोन येतो, "पाणी आलं का?" एवढंच विचारून ते फोन चाचींकडे देतात. गावात कुठं गळती झाली की माणसं अजून त्यांनाच बोलवायला येतात. म्हणजे आपल्या कानावर आता कुणी विश्वास ठेवणार नाही अशी त्या दिवशी त्यांना जी भीती होती, तसं काही झालं नाही. पण ती भीती मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितली होती, हे विसरून चालणार नाही.

जिन्यावरच्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी चारच्या चहाला सगळी गल्ली खड्ड्याभोवती जमली होती. सर तो सांधा उचलायच्या तयारीत होते. मावशी ओट्यावर होत्या. चाचा खड्ड्याच्या कडेला आले, किराणावाल्याच्या हातात हार दिला आणि म्हणाले, "साहेब, त्याच्यावर माझं नाव घाला. तो सांधा मी केलाय."

सर हसले. मग चाचांनी चुन्याचं प्रमाण सांगितलं, कापूस कसा पिळायचा ते सांगितलं, कुंभाराचं घर दाखवलं, आणि सरांचं हसू मावळलं. त्यांनी तो नवा नळ आणि शेजारचा जुना नळ बोटांनी दोनदा चाचपून बघितला. थोडे लाल झाले. पण माणूस मोठा होता. खिशातलं पेन काढून म्हणाले, "पुन्हा सांगा. सावकाश. असा सांधा करणारा मला कधी भेटलाच नव्हता."

"म्हंजे चाचा, ऐकू येत नव्हतं?" किराणावाल्यानं विचारलं.

"न्हाय."

चाचा वळले आणि ओट्यापाशी गेले. "मावशी, तुमची जीभ गेलेली न्हाय. तुमी मातीच्या नळाचं पाणी पीत हुता. नवी लाईन आली तवा पाणी बदललंच हुतं. मला ठावं हुतं."

मावशींनी हातातली शेंग खाली ठेवली. "किती वर्सं झाली, भाई?"

"नऊ."

"नऊ वर्सं मी सुनंला इचारून सैपाक करती."

"व्हय. चुकलं माझं."

मावशी उठल्या आणि आत गेल्या. आम्हाला वाटलं, आता दार लागणार. चाचा चावी दोन्ही हातांत धरून तिथंच उभे राहिले. मग मावशी बाहेर आल्या. एका हातात आमटीची वाटी, दुसऱ्या हातात चमचा. मागून सून धावत आली होती. मावशी ओट्यावर मांडी घालून बसल्या, चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.

"मीठ कमी हाय," मावशी म्हणाल्या. "आन चिंच जादा पडलीय."

नऊ वर्षं मीठ बघणारी सून मिठाचा डबा आणायला आत गेली.

"व्हय, मावशी," चाचा चव न घेताच म्हणाले. "कमीच हाय."